नऊ हजार भरी

आबांचं वजन बावन्न किलो आहे आणि याला लेखी पुरावा आहे. हावडा स्टेशनावर एके काळी लुकलुकत्या दिव्यांचं वजनाचं यंत्र असायचं. नाणं टाकलं की आत खडखडाट व्हायचा आणि पुठ्ठ्याचं एक तिकीट बाहेर पडायचं. एका अंगाला वजन, दुसऱ्या अंगाला भविष्य. खानापूर तालुक्यातल्या दुष्काळी गावातून आबा चुलत्याचं बोट धरून कलकत्त्यात उतरले, तेव्हा चुलत्याने पोराची मौज म्हणून त्यांना त्या यंत्रावर उभं केलं. ते तिकीट अजून आबांच्या पाकिटात आहे. धन मिळेल आणि मान वाढेल, असं त्यावरचं भविष्य.

"धन मिळालं, मान बी मिळाला," आबा म्हणतात. "मंग एका अंगाचं खरं आन् दुसऱ्या अंगाचं खोटं, असं कसं व्हईल सायेब?"

मी यावर काही बोलत नाही. तिकिटावरचे आबा आणि समोरचे आबा यांच्यात चाळीसेक वर्षांचं आणि नेमकं बावन्न किलोंचं अंतर आहे. दुष्काळातून आलेला ऐवज कलकत्त्याने हिशेबाला चोख राहून दामदुप्पट केला.

आबा गलाईवाले. विटा, खानापूर, आटपाडी या पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी आटवून शुद्ध करण्याचा धंदा घेऊन देशभर पांगली. जिथे सराफ तिथे गलाईवाला. इथे बऊबाजारात, बी. बी. गांगुली स्ट्रीटला दागिन्यांच्या दुकानांची रांग आहे. तिच्या पाठच्या एका बोळात आबांची खोली. भट्टी, मुशी, तेजाबाचा घसा धरणारा वास आणि काचेच्या पेटीत ठेवलेला तराजू. वजन करायच्या वेळी पंखा बंद होतो, बोलणं बंद होतं, आबा श्वाससुद्धा धरून ठेवतात. (हल्ली तो फार वेळ धरवत नाही.) बंगालात सोनं भरीत मोजतात. भरी म्हणजे आपला तोळाच, ११.६६४ ग्रॅम. उभा जन्म दशांश चिन्हापुढच्या तिसऱ्या घरात काढलेला हा माणूस स्वतः मात्र हावड्याच्या त्या यंत्रानंतर, डॉक्टरांनी चढवेपर्यंत, कुठल्याही काट्यावर चढला नव्हता. "दुसऱ्याचं तोलायचं. आपलं तोलून घ्यायचं न्हाई," ही त्यांची धंद्याची रीत.

पुतण्याने एकदा फुरसतीत हिशेब केला. एकशे चार किलो भागिले ११.६६४, म्हणजे आठ हजार नऊशे सोळा भरी. बोळातल्या कारागिरांनी वरचं खालचं सोडून देऊन नऊ हजार भरी केले. आबांनी राग धरला नाही. फक्त सोन्याचा कस विचारावा तसं विचारलं, "टंच किती लावला?"

त्यांचं वजन इथल्या इतिहासालाही खोटं पाडतं. मराठे येतील या धास्तीने कलकत्त्याने १७४२ साली शहराभोवती खंदक खणायला घेतला. बेत सात मैलांचा होता. तीनेक मैल खणून झाला तरी मराठे आलेच नाहीत, आणि पुढे १७९९ मध्ये तो बुजवून त्यावर रस्ता केला. मराठा डिच हे नाव तेवढं उरलं. बंगाली आया अजून पोराला झोपवताना बर्गी, म्हणजे मराठेच, आल्याची भीती घालतात. बऊबाजारच्या चहावाल्याने हे सगळं ऐकून आबांकडे नीट पाहून घेतलं आणि मला म्हणाला, एवढा खर्च कशाला केला, दादा? एक गटार उघडं ठेवलं असतं तरी पुरलं असतं.

खरं तर गटारापेक्षा आबांना जमीन जड जाते. गलाईचं काम जमिनीवर बसून. मांडी घालायची, भट्टीकडे तोंड करायचं, चिमट्याने मूस उचलायची. चाळीशीपर्यंत आबा सकाळी बसले की दुपारी उठायचे. मग बसणं राहिलं, उठणं अवघड झालं. पुढे एक पाट आला, पाटावर उशी आली, मग स्टूल, आणि आता लाकडी हातांची रुंद खुर्ची. जसजसे आबा वर चढले तसतसा पुतण्या खाली सरकला. आता भट्टीपुढे तो बसतो आणि आबा वरून देखरेख करतात. बाहेरच्याला वाटतं, मालक झाले. आबांनीही तसंच वाटून घेतलंय.

पण या धंद्यात जमीन म्हणजे काय, हे बाहेरच्याला ठाऊक नसतं. तासताना, घासताना, ओतताना जे उडतं ते तिथेच पडतं. खोलीचा केर कुणी फेकत नाही, तो साठवतात आणि विकतात. झारेकरी तो धुऊन त्यातलं सोनं काढतो. म्हणजे आबांची निम्मी शिल्लक जमिनीवर आणि आबा खुर्चीत. एकदा वाटाण्याएवढा सोन्याचा मणी त्यांच्या हातून निसटून घरंगळला. पुतण्या बँकेत गेलेला. वाकणं शक्य नव्हतं, आणि हाक मारून कुणाला उचलायला सांगावं एवढा विश्वास धंदा करू देत नाही. आबांनी मण्यावर पाय ठेवला आणि उभे राहिले. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, त्याच्याशी उभ्यानेच भाव झाला. भाडं मागायला घरमालक आला, त्याला नवल वाटलं की आबा त्याच्यासाठी उभे राहिले. मी गेलो तेव्हा चेहरा घामाने डबडबलेला, पण पाय हलला नव्हता. "बसा सायेब," मला म्हणाले, "मी जरा हुबा हाय."

त्यांचं कलकत्ता असंच तळमजल्यावर आलंय. कॉलेज स्ट्रीटचं कॉफी हाउस चालत जाण्याजोगं आहे, पण ते वर, जिना चढून. ट्रामची पायरी उंच. हातरिक्षा अजून त्या भागात आहेत, पण एका बिहारी रिक्षावाल्याने दांडे खाली टेकवून आबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि अदबीने सांगितलं, "बाबू, दो खेप में ले जाएँगे." त्यानंतर रिक्षा बंद. अँबॅसडर टॅक्सी हे आबांचं खरं वाहन. मागची बैठक घरच्या कोचासारखी, दार रुंद, आत शिरताना मान मोडावी लागत नाही. ती गाडी हुगळीकाठी उत्तरपाड्याला बनायची. २०१४ च्या मे महिन्यात कारखाना बंद पडला, तेव्हा बंगालातल्या उद्योगाबद्दल पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली; आबांची हळहळ वेगळी होती. आता पिवळ्या टॅक्सी रस्त्यावरून कमी होत चालल्यात आणि मोबाइलवरून मागवलेल्या चिमुकल्या गाड्या येतात. त्यांत पुढची सीट मागे सरकवून आबा बसतात, तेव्हा मागे बसणाऱ्याने गुडघे कुठे ठेवायचे हा प्रश्न उरतो. मागे नेहमी मी असतो.

माझं बँकेतलं आयुष्य फॉर्म भरून घेण्यात गेलं. म्हणून एक उद्योग करून पाहिला. डॉक्टर लोकांनी जगणं किती सुखाचं आहे हे मोजायला ३६ प्रश्नांचा एक तक्ता बनवलाय; जगभर वापरतात. अमुक करताना तुम्हाला फार अडचण येते, थोडी येते, की मुळीच येत नाही, असं विचारायचं. तक्ता अमेरिकेतला, त्यामुळे त्यात गोल्फही आहे.

"आबा, गोल्फ खेळताना अडचण येते का?"

"मुळीच न्हाई."

"जिने चढताना?"

"न्हाई. चढतोय कोण?"

"वाकायला, गुडघ्यावर बसायला?"

"लागतंच कशाला? खाली पडलेलं पोरगं उचलतंय."

"मैलभर चालायला?"

"मैलभर लांब आपलं काय काम हाय?"

"आंघोळ, कपडे?"

इथे आबा थोडे थांबले, आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "त्ये तुमच्या वहिनीला इचारा."

गुण मांडले तर आबा शंभराच्या जवळ गेले. तक्ता करणाऱ्या पंडितांना हे सुचलं होतं की नाही कोण जाणे, की माणूस एकेक गोष्ट सोडत जातो आणि सोडलेल्या गोष्टीची अडचण त्याला कधीच येत नाही. आबांच्या आयुष्यातून जिने गेले, ट्राम गेली, कॉफी हाउस गेलं, मांडी गेली, आणि त्यांना विचाराल तर सगळं झकास चाललंय. यात ढोंग नाही. ब्रिटनमध्ये १९७६ साली क्रिस्प आणि मॅकगिनेस या दोघांनी पाहणी करून लिहिलं होतं की चांगले लठ्ठ पुरुष इतरांपेक्षा कमी चिंता करतात, कमी उदास असतात. पुढच्या अभ्यासांत सगळीकडे तसं दिसलं नाही. पण ते दोघे बऊबाजारात आले असते तर त्यांनी आबांचा फोटो छापला असता.

आबांच्या वाटणीची चिंता वहिनी करतात. मोजे त्या घालतात. बुटाच्या नाड्या सुटल्यावर आबांनी नाडीचे बूट वापरणंच सोडलं, पण पायाची नखं सोडून देता येत नाहीत. दर रविवारी आबा पलंगावर पाय सोडून बसतात आणि वहिनी खाली बसून नखं काढतात. त्यांचेही गुडघे दुखतात. मी हे बोललो तर म्हणाल्या, "ह्यांना त्यांची बोटं दिसून किती वर्षं झाली, भावजी. मी सांगते तेव्हा कळतं, दहाच्या दहा हायेत." रात्रीची कथा आणखी निराळी. आबा घोरतात म्हणणं अपुरं आहे. घोरणं मध्येच थांबतं, वहिनी अंधारात उठून बसतात, आणि पुन्हा सुरू झालं की आडव्या होतात. झोपेत श्वास असा अडकतो म्हणून दिवसा आबा खुर्चीत पेंगतात. डॉक्टरांनी नाकाला लावायचं हवेचं यंत्र सुचवलं तेव्हा आबांनी ते उलटसुलट पाहिलं आणि परत केलं. "दिवसा भट्टीला भाता, रात्री मला भाता. मंग मी आन् भट्टीत फरक काय?"

डॉक्टरांकडे ते गेले गुडघ्यासाठी. वजनासाठी ते जाणं शक्यच नव्हतं. डाक्तारबाबू अस्सल बंगाली, रोड्या अंगाचे, चौकस. त्यांनी काट्यावर चढवलं. खालचा आकडा आबांना दिसेना, मध्ये पोट. डाक्तारबाबूंनी वाचून दाखवला. म्हणून तो एकशे चारचा आकडा आबा अजून मानत नाहीत; आपल्या डोळ्यांनी न पाहिलेलं वजन बऊबाजारात कुणी मानत नाही. मग टेप आली. भारतीय पुरुषाच्या कमरेचा घेर नव्वद सेंटिमीटरपर्यंत चालतो, म्हणाले. आबांनी छाती काढून सांगितलं, माझी कंबर छत्तीस इंच, शिंप्याला विचारा. छत्तीस इंच म्हणजे एक्क्याण्णव सेंटिमीटर, जवळजवळ पास. शिंप्याची छत्तीस बरोबरच आहे, कारण पँट पोटाच्या खाली बांधली जाते. डाक्तारबाबूंनी टेप बेंबीवरून फिरवली आणि ती दोनदा जुळवून घ्यावी लागली. "त्ये पोट झालं," आबा म्हणाले. "कंबर खाली हाय."

उंचीशी वजनाचा मेळ घालून काढतात तो आकडा आबांचा अडतीस भरला. आपल्या लोकांसाठी तेवीसच्या पुढे गेलं की आठी आणि पंचवीसच्या पुढे लठ्ठपणा. हे असं का, गोऱ्यांना पंचवीसपर्यंत सूट आणि आम्हाला तेवीस, यावर आबा चिडले. तेव्हा डाक्तारबाबूंनी पुण्याचं नाव काढलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉक्टर जॉन युडकिन, दोघांचाही तो आकडा सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दोघांनी आपापले फोटो शेजारी लावून २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापले. वरून सडपातळ, आतून चरबी. आपल्या हाडापेराची माणसं अशीच, म्हणून मधुमेह लवकर धरतो.

आबांना हे डाक्तारबाबूंपेक्षा आधी समजलं. दोन बांगड्या, वजन तंतोतंत एक, एक बावीस कॅरटची आणि दुसरी अठराची. दिसायला फरक नाही, कसोटीवर घासल्यावर कळतं. "म्हंजी नुस्तं वजन करून काय बी कळत न्हाई?"

"एकदम ठीक," डाक्तारबाबू खूश होऊन म्हणाले.

"मंग मला काट्यावर कशाला चढवलं?"

बाहेर आल्यावर त्यांनी मला एवढंच ऐकवलं, की पुण्याच्या माणसाने खोट काढायला निदान स्वतःपासून सुरुवात केली हे नवीनच.

गुडघ्याचा हिशेब मात्र त्यांच्या मनात राहिला. अमेरिकेत २००५ मध्ये गुडघे दुखणाऱ्या वजनदार वयस्क माणसांचा अभ्यास झाला, त्यात दिसलं की अंगावरचा एक किलो उतरला की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा चार किलो भार उतरतो. आबांनी पाकिटावर आकडेमोड केली. चाळीस किलो जादा धरले तर पावलागणिक एकशे साठ. दिवसाला हजार पावलं धरली तर एक लाख साठ हजार किलो. ते हादरले. घरी जाऊन त्यांनी ताबडतोब उपाय केला: पावलं निम्मी केली.

पुतण्याने तरी एकदा पहाटे रवींद्र सरोवरावर नेलं. तळ्याकाठी शहरातली पन्नाशी-साठीची मंडळी हात झटकत फेऱ्या मारत होती, एका झाडाखाली ठरवून हसण्याचा कार्यक्रम चालला होता. आबा एका बाकापासून दुसऱ्या बाकापर्यंत चालले आणि सगळ्यांशी ओळखी झाल्या. परत फिरताना मंडळी कचोरी-जिलबीच्या दुकानाशी थांबली. तिथे आबांना फेरी मारण्याचं शास्त्र पटलं. पुढच्या वेळी ते थेट दुकानापाशी भेटले.

शेजारीही पथ्याच्या कामाचे नाहीत. आबा तापाने चार दिवस पडून उठले की बोळातल्या काकूंचे डोळे भरून येतात, "आहा, एकेबारे रोगा होये गेछेन!" एवढ्या बारीक झालेल्या माणसाला नुसतं कसं पाठवायचं, म्हणून ताट येतं. लुची, आलूर दम, वर संदेश. त्यात भीम नागाचं दुकान याच बऊबाजारात, आबांच्या दारापासून त्यांनाही चालवेल एवढ्या अंतरावर. लॉर्ड कॅनिंगच्या बायकोच्या नावावरून पडलेली लेडिकेनी ही मिठाई तिथलीच, असं सांगतात. आबा इतिहासाचा मान राखतात, रोज.

पूजेत तर बोलायला नको. जवळच्या संतोष मित्र स्क्वेअरच्या मंडपात २०१९ साली सुमारे पन्नास किलो सोन्याने मढवलेली दुर्गा उभी केली होती. सगळं शहर रांगेत. आबा रांगेत उभे राहू शकत नाहीत, म्हणून बोळाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला टंच विचारत राहिले. "पन्नास किलो," कुणीतरी सांगितलं. आबांनी क्षणभर हिशेब केला आणि वहिनींकडे वळून म्हणाले, "बग. दोन देव्या संभाळतीयास तू."

त्याच वर्षी ऑगस्टअखेर मेट्रोचा बोगदा खणताना बऊबाजारात जमिनीत पाणी फुटून घरं खचली होती, माणसं नेसत्या वस्त्रांनिशी बाहेर पडली होती. आबांच्या ओळखीची कितीतरी सोनार कुटुंबं त्यांत. तेव्हा आबांनी खुर्ची सोडली, आणि मी त्यांना इतकं चालताना पूर्वी पाहिलं नव्हतं. या घरून त्या हॉटेलात, कुणाचा तराजू, कुणाची मूस आपल्या खोलीत आणून ठेवत. रात्री गुडघे टम्म सुजले. त्याही दिवसांत चहावाल्याने हळूच विचारलं होतं, दादा, त्या वेळी तुम्ही जिना तर उतरत नव्हता ना?

गावाला जायचं म्हणजे आझाद हिंद एक्सप्रेसने पुण्यापर्यंत आणि पुढे विट्याची एसटी. गाडीत खालचा बर्थ मिळणं हा आबांच्या वर्षाचा मुख्य प्रश्न. मागच्या खेपेला वरचा आला. खालच्या बर्थवरच्या तरुणाने आधी ठाम नकार दिला. आबा काही बोलले नाहीत. शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. शिडी कण्हली. तरुणाने वर आपल्या डोक्यावर झोपणाऱ्या संभाव्य आबांकडे पाहिलं आणि आपणहून उशी उचलली. साठी झाली की पुरुषांना खालच्या बर्थचा कोटा लागू होतो. आबा अठ्ठावन्नचे आहेत. साठीची एवढ्या आतुरतेने वाट पाहणारा दुसरा माणूस माझ्या ओळखीत नाही.

या गणपतीला हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात आरती झाली, लोक नमस्काराला वाकले, आबा मागे ताठ उभे राहिले. नातीने विचारलं, आजोबा, तुम्ही का नाही? "माझा मनातून असतोय," आबा म्हणाले. नात गप्प बसली नाही. तिने त्यांचा हात धरून खाली ओढलं, आबा बसले, आणि उठवायला मंडळाचे चार कार्यकर्ते आणि एक तबलजी लागला. दुसऱ्या दिवशी ते स्वतःहून डाक्तारबाबूंकडे गेले.

डाक्तारबाबू म्हणाले, दहा किलो उतरवा, गुडघा आपोआप बोलायचा थांबेल. आबांनी खुर्ची पुढे ओढली. दहा फार होतात. एवढी घट कुठल्याच मुशीत येत नाही. दोन. डाक्तारबाबू नऊवर आले. आबांनी उठल्यासारखं केलं. अखेर दिवाळीपर्यंत सहा किलोंवर सौदा ठरला. डाक्तारबाबूंना दर आठवड्याला वजन हवं होतं; आबांना त्यात अविश्वास दिसला, तरी त्यांनी मान्य केलं.

आजवर एक किलो आठशे ग्रॅम जमा झालेत. डाक्तारबाबू समाधानी आहेत. पुतण्याने मात्र मला बाजूला घेऊन सांगितलं, की पहिल्या दिवशी काट्यावर चढताना आबांच्या पायात बूट होते आणि खिशात दुकानाच्या चाव्यांचा जुडगा, पाकीट आणि शंभर ग्रॅमची चांदीची लगड होती. आता ते अनवाणी, रिकाम्या खिशाने जातात. चाळीस वर्षं तराजूवर काढलेल्या माणसाशी सौदा करताना धडा आधी तपासून घ्यावा, हे डाक्तारबाबूंना कुणी सांगितलं नसावं.